साहेबासाठी उचललेली गादी

निपाणीच्या तंबाखू पेठेत जिनाप्पा मगदुमांच्या दुकानातली गादी हलवावी, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. दिवाळीला ती झटकायची आणि होती तिथेच पुन्हा घालायची, एवढाच तिचा प्रवास. ती उचलायचं रवळोजी देसूरकरांनी ठरवलं, आणि ठरवलं तेव्हा त्यांचा हेतू अगदी चांगला होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं ऐकून लोक थेट त्यांच्या हेतूवरच येतात.

रवळोजी दलाल होते. व्यापाऱ्याचा माल बाहेरच्या गिऱ्हाइकाला दाखवायचा, दोघांच्या मध्ये बसायचं आणि सौदा जुळवून द्यायचा, हा धंदा. त्यातलं मध्ये बसणं बहुतेक जिनाप्पांच्या गादीवरच होई. सकाळी यायचं, चपला काढायच्या, आत जाऊन माठातलं पाणी आपल्या हाताने घ्यायचं. जिनाप्पांच्या घरच्या राजमतीवहिनी "ऊटा आय्तेन्री?" म्हणून कानडीत जेवणाची चौकशी करायच्या. झालंय म्हटलं तरी ताट येई, व्हायचंय म्हटलं तरी येई. दिवस मावळायच्या आत जेवणारं जैनांचं घर ते, त्यामुळे रवळोजींचं संध्याकाळचं जेवण उन्हातच आटपायचं आणि रात्री घरी बायको मालुबाई ताट वाढून बसली की भांडण व्हायचं.

हे सगळं सुख पदरात असताना रवळोजींच्या मनात मात्र एक सल होता. मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस, बेळगावच्या कॅम्पात एका पारशाच्या दुकानी काउंटरमागे उभं राहून गोऱ्या सोजिरांना मोजे आणि साबण विकलेला माणूस, पण पेठ त्यांना 'रवळू' म्हणे. जिनाप्पा तर "ये रं रवळू, टेक" म्हणत आणि लोडावरचा पाय जरा बाजूला घेत. एवढाच मान. कॅम्पातली नोकरी वर्षभरही टिकली नव्हती, पण तिच्यावर रवळोजींनी जगातल्या सगळ्या राष्ट्रांचा अभ्यास उभारला होता. ते सांगत, "इंग्रज वेळेचा. जर्मन कामाचा. जपानी नम्रतेचा. आणि आपण? आपण चहाचे. गिऱ्हाईक आलं की चहा, गेलं की चहा, आलं नाही तर का आलं नाही म्हणून चहा. अशाने व्यापार होतो होय?" हे ते साधारणपणे चहा पिता पिता सांगत.

एकतीस सालच्या उन्हाळ्यात मुंबईच्या अडत्याचा निरोप आला, की सिगारेटच्या कारखान्यासाठी जरदा तंबाखू बघायला एक विलायती साहेब निपाणीला येतो आहे आणि आधी मगदुमांकडे उतरेल. जिनाप्पांनी त्या साली भारी उमेदीने माल भरला होता. वखार छतापर्यंत भिडली होती आणि बाजार मात्र झोपलेला. पाऊस लागायच्या आत माल हलला नाही तर त्याला बुरशी धरणार, हे पेठेतलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. जिनाप्पांच्या झोपा उडाल्या होत्या. त्यांनी रवळोजींना जवळ बसवलं.

"रवळू, मला ह्यातलं काय बी कळत न्हाय," ते म्हणाले. "तू साहेब लोकांत वावरलेला. तू सांगशील तसं करू."

असं वाक्य रवळोजींना आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. ते ऐकून त्यांची छाती जी फुगली ती पुढे पंधरवडाभर खाली बसली नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी दुकानाच्या मध्यभागी उभं राहून जाहीर केलं, की गादी काढावी लागेल. इंग्रज मांडी घालत नाही. टेबल हवं, खुर्च्या हव्यात, भिंतीला घड्याळ हवं. मालाचा भाव पाटीवर लिहायचा आणि तो खालीवर करायचा नाही. घरची चौकशी नाही, खाणंपिणं नाही. आणि मुख्य म्हणजे रुमाल बंद.

रुमाल बंद म्हटल्यावर जिनाप्पांचा चेहरा पडला. पेठेत सौद्याची रीत अशी, की देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने हात पुढे करायचे, वर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव सांगायचा. वर तोंडाने पावसापाण्याच्या गप्पा चालू, खाली बोटांचं युद्ध. त्या रुमालाखाली ठरलेलं कुणी मोडलेलं नव्हतं, आणि पुढे आलेला हात न धरणं म्हणजे माणसाला दारातून हाकलणं, असं लहानथोर सगळे मानत.

"हात बी धरायचा न्हाय?" जिनाप्पांनी विचारलं.

"इंग्रज अंगाला हात लावू देत नाही, आप्पा. त्याला चोरटेपणा वाटतो."

"बरं बा," जिनाप्पा म्हणाले, आणि आपलाच हात उगीच न्याहाळत बसले.

आता गोष्ट दुकानापुरती राहिली असती तर ती पेठ कसली. सल्ले यायला लागले. पलटणीतले पेन्शनर ज्योतिबा हवालदार मेसोपोटेमियात जाऊन आलेले, त्यामुळे परदेश हा विषय आपल्या मालकीचा आहे असं ते धरून चालत. ते म्हणाले, "रवळू, गोऱ्याला रम लागती. रम पोटात गेल्याबिगर गोरा कशाला बी व्हय म्हणत न्हाय. म्या डोळ्यानं बघितलंय." जैनाच्या दुकानात रम आणायची हे ऐकून आतून भांडं पडल्याचा आवाज आला. कुणी म्हणालं, बादशहाची तसबीर लावा. त्यावर दुसऱ्याने सांगितलं, की तसबीर लावलीत तर खादीवाली पोरं उद्या दुकानासमोर बसतील. शेवटी दोन्ही पक्षांना राजी ठेवण्यासाठी तसबिरीसाठी ठोकलेल्या खिळ्याला काहीच न लावता तो तसाच ठेवला, आणि पुढे बऱ्याच जणांच्या टोप्या त्याला अडकून फाटल्या.

घरी मालुबाईने एकदाच विचारलं, "पाव्हणा एवढ्या लांबनं येणार, आणि त्याला जेवतोस का म्हणून इचारायचं न्हाय? ही कंची रीत?"

"तुला राष्ट्राराष्ट्रातला फरक समजणार नाही," रवळोजी म्हणाले.

"नगं समजू दे. पर त्यो उपाशी जाईल बघा."

खुर्च्यांचा प्रश्न सर्वांत कठीण निघाला. पेठेत कोरड्या लाकडाच्या चार पायांवर बसायची कुणाला सवय नव्हती, मग खुर्च्या असणार कुठून? त्या होत्या एका कचेरीत. तिथल्या कारकुनाने सांगितलं, अर्ज करा. अर्जात कारण लिहा. रवळोजींनी इंग्रजीत लिहिलं, 'महत्त्वाच्या बैठकीकरिता'. कारकुनाने चष्मा वर केला. बैठक कसली? किती माणसं जमणार? भाषणं होणार का? रवळोजींनी तासभर समजावलं की भाषणं होणार नाहीत, उलट कुणी एक अक्षर जास्त बोलू नये अशीच व्यवस्था केली आहे. यावर तर कारकुनाला भलताच संशय आला. खुर्च्या मिळाल्या, पण त्यांच्या मागोमाग बैठकीवर नजर ठेवायला एक पोलीस शिपाईही मंजूर झाला. सरकारी कामात जे मागितलं नाही तेच वेळेवर मिळतं.

घड्याळ रवळोजींनी स्वतः बेळगावहून आणलं. सर्व्हिस मोटारीत ते मांडीवर धरून, तान्ह्या बाळासारखं सांभाळत आणलं. संकेश्वरपर्यंत ते नीट चाललं. पुढे एका खड्ड्यात मोटार आणि घड्याळ दोन्ही एकदम आदळली, आणि तेव्हापासून काटे बरोबर फिरत, पण टोले मात्र घड्याळाच्या मर्जीने पडत. रवळोजींनी सगळ्यांना बजावलं, की टोल्यांकडे लक्ष देऊ नका, काट्यांकडे बघा.

साहेब यायचा दिवस उजाडला. अकराची वेळ दिलेली. जिनाप्पा कोट घालून खुर्चीत बसले होते. पाय जमिनीला टेकवून बसायचं असतं हे माहीत होतं, पण दर थोड्या वेळाने एक पाय आपसूक वर येई आणि रवळोजींनी डोळे वटारले की खाली जाई. बाहेर ज्योतिबा हवालदार छातीवर पदकं लावून उभे. दाराशी पोलीस शिपाई. आतून मात्र पुरण शिजल्याचा वास येत होता. राजमतीवहिनींनी कुणालाच न विचारता पोळ्या घातल्या होत्या.

अकरा वाजले. बारा वाजले. घड्याळाने मधेच चार टोले दिले. रवळोजी म्हणाले, मोटार बिघडली असणार. इंग्रज आणि उशीर, शक्यच नाही. दोन वाजून गेल्यावर साहेब आला. मोटार अगदी ठणठणीत होती. वाटेत प्रत्येक शिवारापाशी थांबून त्याने बांधावरच्या माणसांशी खाणाखुणांनी गप्पा मारल्या होत्या. एकाने दिलेली काकडी खात खातच तो उतरला.

आणि साहेब तरी कसा. गोरा, पण उन्हात भाजलेला. जाड काळ्या मिशा, ढेरी, हातात मण्यांची माळ, तिच्याशी बोटं सतत खेळत. त्याने पोलीस शिपायाचा हात धरून हलवला, हवालदारांची पदकं एकेक करून बघितली, आणि आत येऊन जिनाप्पांना थेट मिठीच मारली. जिनाप्पांना काय करावं ते कळेना. त्यांनी रवळोजींकडे बघितलं. रवळोजींनी नको म्हणून मान हलवली, तसे ते लाकडासारखे ताठ उभे राहिले.

साहेब इंग्रजी बोले, पण अडखळत. "मी ग्रीक," त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं. "अलेक्झांड्रियाहून." रवळोजींनी हे लंडनच्या आसपासचं एखादं गाव असावं असं धरलं आणि अदबीने 'येस सर' म्हटलं. मनात कुठे तरी पाल चुकचुकली होती, नाही असं नाही. पण पंधरवडाभर सगळ्या पेठेला इंग्रज शिकवल्यावर आयत्या वेळी भलत्याच देशाचा माणूस दारात आला हे कबूल करायचं कुणी?

साहेब खुर्चीत बसला आणि त्याने प्रेमाने विचारलं, याला मुलंबाळं किती?

"काय म्हणतोय?" जिनाप्पांनी विचारलं.

"माल किती आहे म्हणतोय."

"वखार भरून हाय म्हणावं. लांबचा पल्ला गाठंल असं वाण हाय सगळं."

रवळोजींनी पाटीकडे बोट दाखवलं आणि इंग्रजीत सांगितलं, की भाव तिथे लिहिला आहे. साहेबाने पाटीकडे बघितलं, मग जिनाप्पांकडे, मग पुन्हा पाटीकडे. मुलं किती विचारल्यावर भाव दाखवणारा बाप त्याने पहिल्यांदाच पाहिला असावा.

तो माळेचे मणी ओढू लागला. मग त्याने नाक वर करून वास घेतला आणि त्याचा चेहरा उजळला. आत काय शिजतंय, त्याने विचारलं. रवळोजी घाईघाईने म्हणाले, "काही नाही, सर. धंद्याच्या वेळी आम्ही खाणंपिणं ठेवत नाही." आणि बेळगावहून आणलेल्या बिस्किटांची बशी पुढे सरकवली. साहेबाने एक बिस्कीट उचललं आणि परत ठेवलं. मग तो पुढे वाकला आणि सावकाश, एकेक शब्द शोधत म्हणाला, "माझ्या आजोबांपासूनची रीत आहे. ज्याच्या घरची भाकरी खाल्ली नाही, त्याच्याकडून आम्ही माल घेत नाही. याला सांगा."

यातला शब्द न् शब्द रवळोजींना कळला. मराठीत सांगायला श्वासही लागला नसता. राजमतीवहिनी दाराआड पोळ्यांचं ताट घेऊन उभ्याच होत्या.

"काय म्हणतोय रं?" जिनाप्पांनी विचारलं.

दुकानात शिपाई होता, दारात हवालदार होते, समोरच्या पायऱ्यांवर निम्मी पेठ बसली होती. रवळोजींचे ओठ हलले. "बिस्किटं छान आहेत म्हणतोय," ते म्हणाले.

साहेबाने उत्तराची वाट बघितली. जिनाप्पा नुसतेच हसले, तसा त्याने उसासा टाकला. तरीही माणूस चांगला होता. त्याने अजून एकदा करून बघायचं ठरवलं. मुंबईच्या बाजारात त्याने सौदे बघितले असावेत. त्याने खिशातून मोठा रंगीत रुमाल काढला, स्वतःच्या हातावर टाकला आणि तो हात जिनाप्पांसमोर धरला. जिनाप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हटलं तर खोटं होणार नाही. पंधरवडाभरात समजेल असं पहिलंच काहीतरी त्यांच्यासमोर आलं होतं. त्यांचा हात आपोआप पुढे गेला.

"आप्पा, नको," रवळोजी मध्ये पडले. "पारखतोय तो. आपला भाव ठाम आहे का बघतोय."

जिनाप्पांचा हात वाटेतच थांबला. त्यांनी एकवार रवळोजींकडे बघितलं. तू सांगशील तसं करू, असा शब्द त्यांनी दिला होता, आणि तो रुमालाखाली दिलेला नसला तरी त्यांच्या लेखी शब्दच होता. त्यांनी हात मागे घेतला. साहेबाचा हात रुमालासकट तसाच राहिला. त्याच क्षणी घड्याळाने नऊ टोले दिले. मग साहेबाने रुमालाची घडी घातली, टोपी उचलली आणि तो बाहेर पडला.

तो मोटारीपर्यंत पोचलाच नाही. मध्येच ज्योतिबा हवालदारांनी त्याला कडक सॅल्यूट ठोकला आणि "कम, जॉनी, सिट" म्हणून समोरच्या आण्णासाहेबांच्या दुकानात नेलं. हवालदारांचं इंग्रजी एवढंच होतं आणि बाकी काम ते हाताने आणि अरबी शिव्यांनी भागवत. साहेब मिसरात, म्हणजे इजिप्तात वाढलेला, शिव्या ऐकून त्याला घरी आल्यासारखं झालं. आण्णासाहेबांच्या गादीवर तो मांडी घालून बसला, लोडाला टेकला, दिवस मावळायच्या आत पोटभर जेवला आणि आण्णासाहेबांच्या नातवंडांची नावं पाठ करू लागला. शेवटी रुमाल पडला. आण्णासाहेबांची वखार त्या आठवड्यातच रिकामी झाली.

रवळोजी चार दिवस घराबाहेर पडले नाहीत. पेठेत मात्र हवालदार साहेबाने जेवता जेवता खाणाखुणांनी सांगितलेली गोष्ट दुकानोदुकानी सांगत फिरत होते. साहेबाला घरची भाकरी खायची होती, मगदुमाकडं तसं त्यानं सोत्ता सांगितलंतं, पर कुणी कान दिला न्हाय, असं ते दर ठिकाणी सांगत. म्हणजे जिनाप्पांच्या कानावर ते गेलंच असणार. बिस्किटांचं वाक्य कुठून आलं हे त्यांना कळलंच असणार.

पाचव्या दिवशी रवळोजी शिव्या खायची तयारी करून दुकानात गेले. गादी पुन्हा जागेवर आली होती. जिनाप्पा शिव्या देतील, गचांडी धरतील, निदान "तुझ्या नादाला लागलो आणि बुडालो की रं मर्दा" एवढं तरी म्हणतील, आणि मग आपण पाय धरू, असा त्यांचा बेत होता. तसं काही झालं नाही. जिनाप्पा उठून उभे राहिले. "या, या रवळोजीराव. बसा." त्यांनी स्वतःच्या हाताने सतरंजी झटकली. पाणी आतून पितळी तांब्यात आलं, वर फुलपात्र. चहा आला. पावसाच्या चार गोष्टी झाल्या. साहेबाचा विषय निघाला नाही, आणि रवळोजींनी काढायचा प्रयत्न केला तेव्हा जिनाप्पा म्हणाले, "जाऊ द्या हो. चालायचंच धंद्यात."

त्या साली पाऊस लवकर आला. वखारीतला बराच माल गेला. जिनाप्पांनी तोही तोटा न बोलता सोसला. नवीन माल आला तेव्हा मध्ये बसायला दुसरा दलाल होता. रवळोजींना कुणी यायला बंदी केली नाही. ते जात, त्यांना सतरंजी मिळे, तांब्या मिळे. माठाकडे जायला ते एकदा उठले तर जिनाप्पांनीच, "अहो, तुम्ही कशाला, बसा की," म्हणून त्यांना थांबवलं. राजमतीवहिनी दिसत, मान लववीत. ऊटा आय्तेन्री म्हणून काही त्यांनी विचारलं नाही. पेठेतले लोकही जिनाप्पांचं बघून हळूहळू 'रवळोजीराव' म्हणायला लागले. जो मान मिळवायला त्यांनी आयुष्यभर राष्ट्रांचा अभ्यास केला, तो असा एका उन्हाळ्यात मिळाला.

पुढच्या वैशाखात जिनाप्पांच्या कमलाचं लग्न निघालं. ही पोर रवळोजींच्या खांद्यावर वाढलेली. आपल्याला मांडव घालायला बोलावतील, भाजीच्या पाट्या आणायला चिकोडीला पाठवतील, वऱ्हाडाशी कुठे वाजलं तर आपल्याला पुढे करतील, या आशेने ते आठवडाभर घरातच थांबले. अक्षता आल्या त्या एका गड्याच्या हाती. सोबत निरोप होता, की रावसाहेबांनी सहकुटुंब येऊन शोभा वाढवावी.

मांडवाच्या दारात त्यांना अत्तर लावलं, गुलाबपाणी शिंपडलं. मालुबाईला बायकांत नेलं. मागच्या अंगाला चुलवण पेटलं होतं. तिथे पेठेतले सगळे दलाल, हमाल, हवालदारसुद्धा, धोतरं खोचून घामाघूम होत आरडाओरडा करत होते. आणि जिनाप्पा त्यांच्यातल्या एकेकाला नावानिशी अशा काही शिव्या घालत होते, की ऐकून रवळोजींचे पाय तिकडेच वळले. रवळोजींनी कोट काढायला हात लावला, तेवढ्यात कुणीतरी त्यांना दंडाला धरून पहिल्या पंगतीत नेऊन बसवलं. एका बाजूला मामलेदार कचेरीतले अव्वल कारकून, दुसऱ्या बाजूला कोल्हापूरचे कुणी वकील. केळीचं पान मोठं होतं, भोवती रांगोळी होती.

ऊन उतरायच्या आत पंगत वाढून झाली. जिनाप्पा हात जोडून पानापानाशी थांबत आले. घाम पुसून, उपरणं सारखं करून ते रवळोजींसमोर वाकले.

"सावकाश होऊ द्या," ते म्हणाले. "आपलंच घर समजा. संकोच करू नका."

"छे छे," रवळोजी म्हणाले, "संकोच कसला."

जिनाप्पा पुढच्या पानाकडे गेले. पोळीवर तुपाची धार धरून वाढपी कधीचा उभा होता, आणि बस म्हणायचं असतं हे रवळोजींच्या लक्षातच राहिलं नव्हतं.